ऊन पाण्याच्या झऱ्याशेजारी पाहुणे उतरवायचे असतील तर

मोर्शी तालुक्यातल्या एका बहीण-भावाचा प्रश्न आहे. सालबर्डीच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या पणजोबांचं घर आहे. सागवानी खांब, कवेलूचं छप्पर, पुढे ओसरी. घरापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर ऊन पाण्याचा झरा. घर दुरुस्त करून पाहुण्यांसाठी चार खोल्या काढायच्या, झऱ्याजवळ बोअर मारून ऊन पाणी थेट न्हाणीत आणायचं आणि दारावर 'ऐतिहासिक गरम पाण्याचं हॉटेल' असा फलक लावायचा, असा त्यांचा बेत आहे. जपानात अशी हॉटेलं हजार हजार वर्षं चालतात, मग आपल्याकडे का चालू नयेत, असंही त्यांनी विचारलंय.

मी ३१ वर्षं पाहुण्यांचीच सोय करते आहे. पहिली सात वर्षं कोकणपट्टीत, ऊन पाण्याच्या कुंडांजवळच्या एका लॉजमध्ये. तिथे यजमान व्यवस्थापक होते, आणि खोल्या व स्वयंपाकघर माझ्याकडे. नंतर आम्ही परतवाड्याला सासऱ्यांच्या वाड्यात, चिखलदऱ्याच्या वाटेवर, स्वतःचं सुरू केलं. म्हणून मोकळेपणानं सांगते. घर उघडा, नक्की उघडा. पण बोअर मारू नका, आणि झऱ्याचं पाणी घरात आणू नका. बाकीचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ते पाणी कसं येतं ते पाहू. पुष्कळांना वाटतं की खाली कुठेतरी ज्वालामुखी धगधगतोय. आपला काळा खडक लाव्हाचाच आहे हे खरं, पण तो ओतला गेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आणि कधीचाच निवून गेला. सालबर्डीचं पाणी ऊन आहे ते खोलीमुळे. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि जिथे खडकाला मोठी चीर असते तिथून दाबानं वर येतं. तुमच्याकडची ही चीर म्हणजे गाविलगडचा भ्रंश. सातपुड्याची भिंत मैदानातून एकदम उभी राहिल्यासारखी दिसते तीही याच भ्रंशामुळे. पैनगंगेच्या खोऱ्यातलं यवतमाळ जिल्ह्यातलं कापेश्वर आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर इथल्या ऊन पाण्याचीही रीत हीच. आज तुमच्या झऱ्यात वर येणारं पाणी कधी पडलेल्या पावसाचं असेल, कोण जाणे. ते टाकीत साठवलेलं पाणी नाही. वाट नाजूक आहे आणि दाब मोजका.

त्या वाटेशेजारी बोअर मारलं की दोन गोष्टींची भीती असते. एक, दाब बोअरमधून निघून जातो आणि कुंड आटतं. दुसरी, वरच्या थरातलं गार पाणी खाली उतरून मिसळतं, आणि ना बोअरला ऊन पाणी येतं ना कुंडाला. हे तुम्हाला मी समजावून सांगावं असंही नाही. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात शेजाऱ्यानं बोअर मारलं की आपल्या विहिरीचं काय होतं, हे प्रत्येक घरानं भोगलंय. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत तुमचं नाव आहे. राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे, आणि अशा भागात नवीन विंधन विहिरीवर बंधनं असतात. पण समजा परवानगी मिळाली, तरी मारू नका. झरा गेला तर तुमचं हॉटेल गेलं एवढंच होणार नाही. शिवरात्रीला तिथे येणाऱ्या हजारो माणसांचं पाणी तुम्ही घालवलेलं असेल, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ज्या जपानचं उदाहरण तुम्ही दिलंत, तिथे यासाठी १९४८ पासून कायदाच आहे. ऊन पाण्यासाठी बोअर मारायचं तर प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते. उगमाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून ऊन असेल, किंवा ठरवून दिलेल्या खनिजांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असेल, तरच त्याला 'ओन्सेन' म्हणायचं, अशी व्याख्याही त्यात आहे.

आता त्यांच्या जुन्या हॉटेलांबद्दल. यामानाशी प्रांतातल्या डोंगरात केइउनकान नावाची उतारशाळा आहे, इ. स. ७०५ मध्ये सुरू झालेली. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद आहे, आणि एकाच घराण्याच्या ५२ पिढ्यांनी ती चालवली असं सांगतात. इशिकावा प्रांतात आवाझूला होशी म्हणून दुसरी आहे, ती ७१८ ची सांगितली जाते. ही नावं सगळ्यांना माहीत असतात. तुमच्यासाठी मात्र मला तिसरं गाव महत्त्वाचं वाटतं, किनोसाकी. तिथे रस्त्याच्या कडेला सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. पाहुणा उतरतो एखाद्या उतारशाळेत, सुती झगा आणि लाकडी खडावा घालून बाहेर पडतो आणि गावच्या कुंडात आंघोळ करून परत येतो. रात्री उशिरापर्यंत गल्लीत खडावांचा आवाज चालू असतो. शेकडो वर्षं तिथल्या उतारशाळांच्या घरात ऊन पाण्याचं कुंडच नव्हतं. १९२५ च्या भूकंपात गाव उद्ध्वस्त झालं, लोकांनी ते पुन्हा उभारलं, आणि त्यानंतर एका उतारशाळेनं स्वतःच्या घरात कुंड काढलं. गाव खवळलं. पाणी कुणाचं, जमीनमालकाचं की गावाचं, हा वाद कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं चालला. १९५० मध्ये तडजोड झाली. पाणी गावाच्या ताब्यात एकत्र करायचं, तिथून वाटून द्यायचं, आणि सार्वजनिक स्नानगृहं हीच गावाची मुख्य स्नानगृहं राहायची.

तुम्ही दोघं जे करायला निघालात तेच तिथे होऊन गेलंय. एका घरानं पाणी ओढलं आणि वीसेक वर्षं गाव भांडत राहिलं. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून किनोसाकीच्या रीतीनं चला. कुंड गावाचं. तुम्ही द्यायची ती रात्र, जेवण, स्वच्छ चादर, आणि पहाटे कुंडापर्यंत सोबत.

पाणी घरात आणू नका म्हणते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाचं आहे. इंग्लंडमधल्या बाथ गावाचं नावच मुळी आंघोळीवरून पडलंय. रोमन लोकांनी बांधलेलं कुंड तिथे आजही आहे. दिवसाला अकरा लाख लिटरच्या वर पाणी, ४६ अंशाच्या आसपास. १९७८ मध्ये तिथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गानं गेली. नेग्लेरिया नावाचा अमिबा. तो कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकात पाणी गेलं तर मेंदूपर्यंत पोचतो. बाथमधली आंघोळ बंद झाली. नव्या बोअरमधून स्वच्छ पाणी घेऊन नवं स्नानगृह उघडायला २००६ उजाडलं. हा अमिबा दूरदेशीचा राहिलेला नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात त्याचे रुग्ण सापडले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांतही आलं होतं. जपानात २००२ मध्ये मियाझाकी प्रांतातल्या एका नव्या ऊन पाण्याच्या स्नानगृहातून लिजिओनेला जंतू पसरले आणि सात माणसं दगावली. तेच पाणी टाकीतून फिरवून फिरवून वापरलं आणि टाकी-नळ्यांची सफाई नीट झाली नाही, की हे जंतू नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात. २० ते ४५ अंश हे त्यांचं आवडतं तापमान, आणि आपल्यालाही आंघोळीला तेवढंच ऊन पाणी आवडतं.

वाहतं कुंड असेल तर पाणी येतं आणि जातं. तेच पाणी नळीनं दीड-दोन किलोमीटर आणा, टाकीत साठवा, शॉवरमधून फवारा, की तुम्ही जंतूंसाठी घर बांधलं. शिवाय पाण्यात गंधकाचा वायू असेल तर पितळी तोट्या सहा महिन्यांत काळ्या पडतात, तांब्याच्या नळ्या खातात, आणि क्षार असतील तर नळीचं तोंड चुन्यानं बुजत जातं. लॉजमध्ये मी दर पंधरवड्याला तोट्या उतरवून चिंचेच्या कोळानं घासायची. पाहुण्यांच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या काळ्या पडायच्या आणि भांडण आमच्याशी.

पाण्याची तपासणी मात्र करून घ्या, घरात आणणार नसलात तरी. 'गंधकाचं पाणी' हा शब्द आपल्याकडे कुठल्याही ऊन पाण्याला चिकटतो. त्यात गंधक किती, मीठ किती, फ्लोराइड किती, हे प्रयोगशाळाच सांगेल. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, आणि जंतूंची तपासणी वेगळी. ऊन झऱ्यांमध्ये फ्लोराइड जास्त असण्याचा संभव असतो, तेव्हा ते पाणी पाहुण्यांना प्यायला देऊ नका, कुणी कितीही श्रद्धेनं मागितलं तरी.

श्रद्धेचं निघालंच तर फलकाविषयी बोलते. उनकेश्वरची कथा तुम्ही ऐकली असेल. शरभंग ऋषींना कुष्ठ झालं, रामानं बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढलं आणि ऋषी बरे झाले. सुंदर कथा आहे, पाहुण्यांना जरूर सांगा. पण फलकावर किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत 'त्वचारोग बरे होतात', 'कुष्ठावर गुणकारी' असं चुकूनही लिहू नका. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अशा जाहिरातीला गुन्हा मानतो, आणि त्याच्या यादीत कुष्ठरोग आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपण विदर्भाची माणसं आहोत. अमरावतीचं तपोवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन, या तिन्ही ठिकाणी माणसांनी आपलं आयुष्य घालून कुष्ठरुग्णाला माणसात आणलं. आज गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो. कुणी तुमची जाहिरात वाचून सहा महिने कुंडात बसत राहिला आणि तेवढ्यात त्याच्या बोटांची संवेदना गेली, तर ते पाप कशानं धुऊन निघणार?

ऊन पाण्यानं अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते, सांधे थोडे हलके होतात. एवढं खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे.

आंघोळीचे नियम पाहुण्याला संध्याकाळीच, जेवताना सांगायचे. पहाटे अंधारात कुणी ऐकत नाही. पाणी ३८ ते ४० अंश असेल तर दहा-पंधरा मिनिटं. ४२ च्या वर असेल तर नुसते पाय सोडून बसावं किंवा तांब्यानं अंगावर घ्यावं. डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही, मुलांना उडी मारू द्यायची नाही. जेवून लगेच नाही, दारू पिऊन मुळीच नाही. गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेला माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, यांनी डॉक्टरला विचारून यावं. मधुमेहात तळपायाची जाणीव गेलेली असते, अशा माणसाला पाणी किती ऊन आहे ते कळत नाही आणि फोड आल्यावर समजतं. आणि आपल्या भागासाठी एक खास गोष्ट, जी कोकणात मला कुणी शिकवली नव्हती. विदर्भात सिकलसेलची घरं पुष्कळ आहेत. ऊन पाण्यात घाम जातो, अंगातलं पाणी कमी होतं, बाहेर आल्यावर डिसेंबरचा वारा लागतो, आणि या रुग्णांना त्यातूनच वेदनेचा झटका येऊ शकतो. सरसकट सगळ्यांना विचारा, खाजगीत विचारा. आधी पाणी प्यायला लावा आणि कुंडाच्या काठावर कोरडा पंचा, शाल तयार ठेवा.

हे मी इतकं लांबवून सांगते त्यामागे एक सकाळ आहे. लॉजमध्ये साठीचे एक गृहस्थ उतरले होते. यात्रा आटोपून आलेले, उपाशी, थकलेले. कुंडात अर्धा तास बसले आणि झटकन उभे राहिले. उभे राहिले तसेच कोसळले. कपाळ दगडावर आपटलं. जवळ आमचा एक पोरगा होता म्हणून त्यांना वर काढता आलं, आणि ते वाचले. ऊन पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, एकदम उठलं की डोक्याकडे रक्त पोचत नाही. तेव्हापासून माझा नियम असा की पाहुणा कुंडावर एकटा जाणार नाही. आपल्या घरचं कुणीतरी सोबत, हातात कंदील आणि थर्मास. उठताना आधी काठावर बसायचं, शंभर अंक मोजायचे, मग उभं राहायचं.

आता राहण्याच्या सोयीचा इतिहास. तुम्ही जपानकडे पाहिलंत, मी तुम्हाला तुमच्याच जिल्ह्याकडे पाहायला सांगते. पाहुणा उतरवण्याच्या दोन रीती आपल्याकडे होऊन गेल्या. एक डाक बंगल्याची. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि मग साहेबाच्या फिरतीसाठी सडकेसडकेनं बंगले उभे राहिले. उंच छप्पर, चहूबाजूंनी व्हरांडा, मागे वेगळं स्वयंपाकघर, एक खानसामा. बांधणी आपल्या उन्हाळ्यासाठी अप्रतिम होती आणि तुमच्या दुरुस्तीत ती जरूर उचला. पण तिथे गावातला माणूस दारात उभा राहायचा तो हुकूम ऐकायला.

दुसरी रीत धर्मशाळेची, आणि तिचं सगळ्यात मोठं नाव तुमच्याच जिल्ह्यातलं. गाडगेबाबा, २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावला जन्मले. खराट्यानं गाव झाडणारा हा माणूस महाराष्ट्रभर धर्मशाळा बांधत गेला. पंढरपूरला दलितांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं तेव्हा त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. मुंबईत रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधली. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला, आणि धर्मशाळा अजून चालू आहेत. माझ्या धंद्यातलं सगळ्यात खोल शिक्षण मला तिथूनच मिळालं. आलेल्याला जात विचारायची नाही, जागा स्वच्छ ठेवायची, आणि तो थकून आलाय हे विसरायचं नाही.

हे मी हळवेपणानं लिहीत नाही. पाण्याच्या आणि मुक्कामाच्या जागी आपल्या समाजानं फार क्रूरपणा केलाय. चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशासाठी लढा उभा राहिला, त्यात पंजाबराव देशमुख पुढे होते. आमच्या परतवाड्याच्या वाड्यातही एक काळ असा होता की काही माणसं ओसरीच्या पायरीपर्यंतच यायची. माझ्या सासूबाईंनी हे मला रडत सांगितलं होतं. वाड्यात पहिला पाहुणा आला त्या दिवशी मी ठरवलं की माजघरात, एकाच पंगतीत सगळे जेवतील. तुमच्या पणजोबांच्या घराच्या इतिहासातही असं काही निघेल. ते झाकू नका. ऐतिहासिक घर म्हणवायचं तर घराचा सगळाच इतिहास घ्यावा लागतो.

पाहुण्यांना सांगण्यासारखं तुमच्या शिवारात इतकं आहे की मला हेवा वाटतो. चक्रधरस्वामींनी रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षं एकांतात काढली, असं महानुभाव परंपरा सांगते. मराठी गद्याचा सगळ्यात जुना मोठा ग्रंथ मानला जाणारा लीळाचरित्र ज्यांच्याबद्दल आहे, ते तुमच्या डोंगरात हिंडले होते. तिथेच त्यांना मुक्ताबाई नावाची तपस्विनी भेटली. डोंगरात कोरलेली लेणी आहेत. महादेवाची गुहा आहे, आणि माडू नदीच्या एका काठाला महाराष्ट्र, दुसऱ्याला मध्य प्रदेश. आणि त्याच भागातल्या खडकांत डायनोसॉरची हाडं आणि अंडी सापडली आहेत, संशोधकांनी नोंदलेली. संध्याकाळी ओसरीवर कंदील लावून एवढं सांगितलंत तरी मुंबईचा पाहुणा मोबाइल खिशात ठेवतो. फक्त एक सांभाळा. परंपरा सांगते ते 'परंपरेनुसार' म्हणून सांगा, आणि संशोधकांनी सिद्ध केलेलं ते तसं सांगा. गुहेतला भुयारी रस्ता थेट पचमढीला निघतो असं गावात म्हणतात, तर 'म्हणतात' हा शब्द गाळू नका. जीवाश्म दिसला तर तो उचलायचा नाही, पाहुण्यालाही उचलू द्यायचा नाही.

घराकडे येते. चार खोल्या नकोत, दोननं सुरुवात करा. पहिलं वर्ष तुम्ही दोघंच सगळं करणार आहात. चार खोल्या भरल्या की तिसऱ्या दिवशी चादरी वाळलेल्या नसतात आणि भाकरी करपते. कवेलू काढून सिमेंटचा पत्रा घालू नका, मे महिन्यात खोलीचा भट्टा होईल. फुटलेली कवेलू बदला, खालून बांबूची ताटी आणि मातीचा लेप द्या. सागवानी खांबांना रंग फासू नका, जवसाचं तेल पुरतं. न्हाणी प्रत्येक खोलीला स्वतंत्र हवी, यात काटकसर नाही. माणूस ओसरीवरच्या खाटेवर आनंदानं झोपतो, पण संडासासाठी अंधारात अंगण ओलांडायला लागलं की पुन्हा येत नाही, विशेषतः बाया. फरशी खडबडीत घ्या, भिंतीला धरायला दांडा बसवा. तुमच्या पाहुण्यांत म्हातारी माणसं जास्त असणार आहेत. घरच्या आंघोळीसाठी छतावर सौर बंब बसवा आणि ढगाळ दिवसांसाठी एक तांब्याचा बंब ठेवा, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, चालणारा. पऱ्हाट्या शेतात जाळण्यापेक्षा बंबात जळाल्या तर बऱ्या. पाण्याला जो धुराचा मंद वास येतो तो पाहुणे वर्षभर विसरत नाहीत, हा माझा अनुभव.

कुंडावरून आल्यावर पाहुण्याला लगेच काहीतरी ऊन खायला लागतं. तर्री-पोहे नकोत, पोट रिकामं असतं. मी आधी गूळ घातलेला सुंठेचा काढा देते, मग ज्वारीची भाकर, लोणी आणि अंबाडीची भाजी. रात्री रोडगे-वांग्याची भाजी, किंवा पाटोडीचा रस्सा, पण तिखट विचारून. बारा पदार्थ करू नका, तीन करा. तुमच्या बागेत आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर ते जानेवारी असतात, आणि ऊन पाण्याचा हंगामही तोच. पाहुण्याला सकाळी बागेत नेऊन स्वतःच्या हातानं तोडू द्या. मृग बहार असेल तर तोच हंगाम मार्चपर्यंत लांबतो. एप्रिल-मे मध्ये ऊन पाण्याची हौस कुणाला नसते, तेव्हा खोल्या बंद ठेवून डागडुजी करा. महाशिवरात्रीच्या यात्रेत खोल्यांचे भाव वाढवू नका. मी तर म्हणेन त्या तीन दिवसांत खोल्या विकूच नका. ओसरी आणि अंगण यात्रेकरूंना मोकळं करा, रांजण भरून ठेवा. तुमच्याबद्दल गाव काय बोलेल हे त्या तीन दिवसांत ठरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. सगळ्यात आधी सातबारा आणि जुने नकाशे घेऊन तलाठ्याकडे जा आणि जमीन झुडपी जंगलात नोंदली आहे का ते बघा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानल्या आहेत, तेव्हा कुंपण सरकवण्याचा विचारही नको. शेती असल्यानं राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करता येईल. नाहीतर पर्यटन विभागाची न्याहारी व निवास योजना आहे. स्वयंपाकासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी, पाहुण्यांची नोंदवही ओळखपत्राच्या प्रतीसह, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे. याशिवाय एक कागद असा, जो कुणी मागत नाही पण तुम्ही करा. ग्रामसभेत उभं राहून सांगा की कुंडाच्या पाण्यावर आमचा कुठलाही हक्क नाही, आमचे पाहुणे गावकऱ्यांच्या आंघोळीनंतर किंवा गाव ठरवेल त्या वेळेला जातील, आणि कुंड झाडायचं काम आठवड्यातून दोन दिवस आमच्या घराकडे. हे इतिवृत्तात लिहून घ्या.

फलकावर 'हॉटेल' लिहू नका. पणजोबांचं आडनाव आणि पुढे 'यांचं घर', एवढंच लिहा.

आणि दुरुस्तीचा पहिला खिळा ठोकायच्या आधी एक काम. येत्या कार्तिकात सलग सात दिवस पहाटे पाचला दोघंही कुंडावर जा. सोबत वही आणि एक डिजिटल थर्मामीटर, काचेचा पारा असलेला नको, फुटला तर पारा पाण्यात जाईल. पाणी किती अंश आहे, आदल्या रात्री पाऊस झाला तर किती उतरलं, कोण कोण आंघोळीला येतं, बाया कुठल्या वेळेला येतात, कपडे बदलायला आडोसा आहे का, पाणी कुठून बाहेर जातं आणि पुढे कुणाच्या शेतात जातं, हे सगळं लिहा. तिथे रोज येणाऱ्या एखाद्या आजीशेजारी बसा आणि तिच्या लहानपणी पाणी किती होतं ते विचारा. ती वही मला पाठवा. मग खोल्यांचा नकाशा आपण मिळून काढू.